सहा तासांची मुभा

मिरची-कांडपाच्या यंत्राशेजारी उभे असूनही अण्णा आज खोकत नव्हते. छातीवरच्या पट्टीने त्यांच्या पांढऱ्या पेशींचं विकर, म्हणजे एक एन्झाइम, बंद केलं होतं. जंतूंना मारणारं आणि त्यांची फुफ्फुसंही पोखरणारं तेच विकर. मुभा सहाच तासांची, त्यापुढे जंतूंना रान मोकळं. पट्टी मोबाइलवरून चालायची; त्यांची मुलगी कुमुद सारखी तो बघत होती.

“अण्णा, सहा तास झाले. विकर सुरू करते.”

“तुझा मसाला तरी होऊ दे गं, मग येऊ दे खोकला. गिऱ्हाइकाचं अर्धवट टाकून मी कधी यंत्र थांबवलंय?”

“मी गिऱ्हाईक होय?”

अण्णा हसले. मध्ये खोकला न येता, कितीतरी वर्षांनी. मसाला होईपर्यंत कुमुदचं बोट तसंच थांबलं.

आठवड्याभरात न्यूमोनियाने ते गेले. मोबाइल अजूनही रोज त्याच वेळी विचारतो, ‘विकर सुरू करू?’

कुमुद रोज ‘हो’ दाबते.