तपासायला आलेली प्रेसनोट

“उद्या धारच्या कोर्टात मी खरं तेच सांगणार,” मोरोपंत म्हणाले, आणि देवासच्या पक्ष कार्यालयात सगळ्यांच्या हातातले चहाचे कप हातातच राहिले.

आठ महिने तिथं एकच रेकॉर्ड वाजत होती. गंधवानीजवळ रस्त्याकाठच्या बाईला उडवलं ते आमदार उदाजीरावांच्या, म्हणजे दादांच्या गाडीनं, पण चालवत होता ड्रायव्हर गणोजी. दादांना तर डुलकी लागली होती. दादा तेव्हापासून नीट जेवलेसुद्धा नाहीत. बाई जिवानिशी गेली, गणोजी तुरुंगात गेला, आणि ही गोड वाक्यं पक्षासाठी लिहिली मोरोपंतांनीच. स्वतःच्या अक्षराची त्यांना आता किळस यायची.

“काका, दादांनी जिल्ह्यासाठी काय नाही केलं?” जिल्हाध्यक्ष दीपेश म्हणाला. “एक जरा चूक झाली. माणूसच आहेत ना!”

“गणोजीही माणूसच आहे. काल त्याची बायको, यमुनाबाई, माझ्या दारात बसून गेली रे. मी मागच्या सीटवर होतो, दीपेश. मला सायकलीपलीकडे काही चालवता येत नसेल, पण स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं ते दिसत होतं.”

दीपेश फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तो हसतच.

“दादा म्हणाले, काकांच्या मनाविरुद्ध काही नको. सकाळी आपलीच गाडी येईल तुम्हाला न्यायला.”

मोरोपंतांना भडभडून आलं. इतके दिवस आपण उगाच भ्यालो, असं त्यांना वाटलं.

निघताना हर्षितनं त्यांना थांबवलं. प्रेसनोटा टाइप करणारं हे पोरगं. काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्याचा एक कागद बाहेर पडत नसे.

“काका, जरा सीधे बैठो ना, फोटो काढतो. वय किती टाकू, अडुसष्ट?”

“कशाला रे?”

“दीपेश भियानं मागितलंय. स्थापना दिवसाला सत्कार असेल तुमचा.”

सकाळी गाडी वेळेवर आली. ड्रायव्हर नवा होता, अबोल. मोरोपंत वाटभर आपली साक्ष मनात घोळवत होते. आता काही झालं तरी ती बाई परत येणार नव्हती. गणोजी तेवढा सुटला असता. इंदूर मागे पडलं, तरी गाडी धारच्या रस्त्याला लागली नाही.

“बेटमा में जाम है, काकाजी. धामनोद से घुमा लेते हैं.”

“बारापर्यंत पोचव म्हणजे झालं,” मोरोपंत म्हणाले.

घाटाची वळणं सुरू झाली तेवढ्यात फोन वाजला. हर्षितचा मेसेज होता, खाली एक प्रेसनोट जोडलेली. ‘काका, ही दीपेश भियानं स्वतः लिहिलीय. मी वाचली नाही अजून. नेहमीसारखी तपासून द्या.’

मोरोपंतांनी चष्मा चढवला. पहिल्याच ओळीत चूक. तारीख उद्याची पडली होती.

“या लोकांना साधी तारीख धड टाकता येत नाही,” ते पुटपुटले आणि सवयीनं पुढं वाचू लागले.

‘एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या अब्रूसाठी दादांनी आठ महिने लोकांचा खोटा संशय सोसला. आज मात्र सांगणं भाग आहे. त्या दिवशी गाडी चालवत होते ते काल घाटातल्या अपघातात निधन पावलेले आमचे मोरोपंतजी.’