ठरलेले शब्द

कुत्रा आणायची हौस नवऱ्याची, पण पावसाळी गारठ्यात रोज सकाळी त्याला बाहेर नेणं मात्र बायकोच्या गळ्यात पडलं होतं. अंगावर थेंब पडला की भोपळ्या पायरीवरच फतकल मारायचा, आणि ती छत्री सावरत, कुडकुडत अर्धा अर्धा तास त्याच्या विनवण्या करायची. कधी कुरकुर केलीच, तर पांघरुणातून हमखास उत्तर यायचं, "अगं, पाच मिनिटांचं तर काम आहे!"

शेवटी तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "तो शू करायला लागला की दर वेळी तेच ते शब्द बोला आणि लगेच बिस्कीट द्या. पुढे नुसते शब्द ऐकले तरी जागच्या जागी मोकळा होईल बघा. शब्द कुठलेही चालतील."

घरी पोचेपर्यंत तिचे शब्द ठरलेही होते. त्यानंतर महिनाभर तिने चकार शब्दानेही तक्रार केली नाही. नवऱ्याला वाटलं, आली बायको एकदाची वळणावर.

आज सकाळी मात्र तिने भोपळ्याला अलगद उचलून झोपलेल्या नवऱ्याच्या पांघरुणावर ठेवलं, आणि मग कमरेवर हात ठेवून कण्हली, "अहो, उसण भरलीय हो. आजच्या दिवस तुम्ही नेता का याला?"

पांघरूण डोक्यावर ओढत तो म्हणाला, "अगं, पाच मिनिटांचं तर काम आहे!"

 

भोपळ्याने गुणी बाळासारखा पाय वर केला, आणि तिने त्याला एकाऐवजी दोन बिस्किटं दिली.