गार ब्रेक
रेसट्रॅकवर ती बिनधास्त गाडी पळवायची. आज घाट उतरताना मात्र पहिल्याच वळणावर तिने ब्रेक दाबला. वेग जेमतेम कमी झाला. तिची रेसची गाडी रस्त्यासाठी बदलून देणारा धाकटा भाऊ शेजारी पांढराफटक पडला. “ताई, ब्रेकला रेसचेच पॅड राहिलेत. तापल्याशिवाय धरत नाहीत.” “बदलले का नाहीस?” “मला वाटलं, तू सांगशील.” “आणि मला वाटलं, तुला अक्कल आहे.” तिने गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. पुढच्या वळणापलीकडे नुसती दरी होती. “पाय ब्रेकवर दाबूनच ठेव,” तो म्हणाला. करपट वास आला आणि ऐन वळणावर ब्रेक लागले. कठड्याला लागता लागता गाडी वळली. तिने इंडिकेटर लावला. “जरा बाजूला घेते,” ती म्हणाली. “नको ताई,” तो रडकुंडीला आला, “थांबलो की पॅड पुन्हा गार होतील.”