कस्टर्डच्या गुठळ्या

"गॅस बंद कर! आधी बंद कर तो!" आई ओरडली.

धाकट्याने गॅस बंद केला, पण तोवर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं होतं. पातेल्यात जे उरलं होतं त्यात पिवळ्या गुठळ्या तरंगत होत्या.

"पावडर उकळत्या दुधात टाकलीस?"

"मग कशात टाकायची?"

"थंड दुधात, रे बाबा! आधी वाटीभर थंड दुधात कालवायची, मग ते उकळत्यात ओतायचं. किती वेळा सांगू? माझा घसा दुखायला लागला."

धाकटा चाळिशीचा होता. लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टचा नुसता आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगायचा. पण स्वयंपाकघरात शिरला की त्याच्या हातांना काय व्हायचं कोण जाणे. वडील गेले, ताई लग्न होऊन लांब गेली, आणि घरात ही दोघंच उरली. ताट समोर येत होतं, त्यामुळे ते कुठून येतं हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

या उन्हाळ्यात मात्र आई हात धुऊन त्याच्या मागे लागली होती.

"अवघड काही नाही. उन्हाळ्याचं सोपं सोपं शिक. निम्म्याला तर गॅससुद्धा लागत नाही," ती म्हणाली होती.

गॅस लागत नव्हता, पण पट्टी लागली. दह्यात घालायची काकडी किसताना त्याने बोट किसून घेतलं. सरबताची लिंबं बियांसकट मिक्सरमधून काढली. ते इतकं कडू झालं की शेजारणीने एक घोट घेऊन पेला परत पाठवला. बिस्किटांच्या थंड केकमध्ये साखरेऐवजी मीठ पडलं. तो केक तीन दिवस फ्रिजमध्ये होता, कारण टाकून द्यायची कुणाची छाती होईना.

"मला कुठूनतरी डबा लाव ना," तो वैतागून म्हणाला. "दिवसभर राबून यायचं आणि वर हे!"

"मी जन्मभर पुरणार आहे का तुला? पावसाळा लागला की तुझं तुला बघायचंय. भांडं घे ते. ते नाही, दुसरं! डोळे कुठे आहेत तुझे?"

हे ती तिरसटपणे बोलली, आणि लगेच तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिली. धाकट्याला ते खटकलं.

मग त्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. आई बारीक झाली होती. केलेलं गोड चमचाभर चाखून वाटी बाजूला सारायची. विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."

"कुठले डॉक्टर?"

"आहेत एक. बटाटे उकडले का बघ."

तिने कपाटंही आवरायला काढली होती. चांगली भांडी आणि दुलया ताईकडे पाठवून दिल्या.

एका मंगळवारी दुपारी तो एका इमारतीतली लिफ्ट तपासत होता. समोरच्या इमारतीच्या दारात रिक्षा थांबली आणि आई उतरली. ती वर गेल्यावर त्याने तिथल्या वॉचमनला विचारलं.

"डॉक्टरांकडे आल्यात. दर मंगळवारी येतात," वॉचमन म्हणाला. "मंगळवारी दवाखाना बंद असतो, पण डॉक्टर त्यांच्यासाठी मुद्दाम थांबतात."

धाकटा जिन्यातच बसला. त्याने ताईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग रडायला लागली.

"विचारू नकोस तिला," ती म्हणाली. "तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. आणि मेल्या, ती शिकवतेय ते तरी नीट शिक!"

तो शिकायला लागला. बटाट्याचं थंड सॅलड जमलं. कलिंगडाचा गर गाळून, गोठवून, काट्याने खरवडायलाही जमलं. आई पूर्वीसारखीच डाफरायची, पण तो आता उलट बोलत नव्हता. "चुकलं आई, पुन्हा सांग," म्हणायचा. त्याने ती आणखीच चिडायची.

"भांडत का नाहीस? बरं नाही का तुला? असा गरीब गाईसारखा बघू नकोस माझ्याकडे!"

रविवारी त्याने एकट्याने कस्टर्ड केलं. थंड दुधात पावडर कालवली, ढवळणं थांबवलं नाही, निवल्यावरच फळं घातली. दुपारी फ्रिजमधून गार वाटी काढून आईसमोर ठेवली. तिने चमचा तोंडात घातला.

"गुठळी नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

धाकट्याला राहवलं नाही. "आई, मला कळलंय. मंगळवारी तू डॉक्टरांकडे जातेस. ताईलाही माहीत आहे."

आईचा चेहरा उतरला. "मीच सांगणार होते रे. रोज ठरवायचे, आणि रोज तुझं काहीतरी करपायचं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, मुलांना अंधारात ठेवणं बरं नाही."

"आणि... किती दिवस?"

"या महिन्याची अखेर."

धाकट्याने तिचा हात घट्ट धरला. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटायची. झोप उडाली होती. आता मनाची तयारी झालीय. जीव अडकलाय तो तुझ्यात. उपाशी राहशील म्हणून."

"नाही राहणार," तो हुंदका आवरत म्हणाला. "आणि आता तू ओट्यापाशी उभीसुद्धा राहायचं नाहीस. शेवटपर्यंत मी करून घालेन तुला."

"तू?" आईने कपाळावर हात मारला. "नको रे बाबा! डॉक्टरांना सगळा स्वयंपाक येतो, म्हणून तर मी लग्नाला हो म्हटलं."