‘येते’नंतरची जागा

“अण्णा, यंदा ‘येते’नंतर किती थांबणार?” गजाभाऊंनी तबला लावता लावता विचारलं. “आयोजकांनी चहा तिथेच ठेवलाय.”

अण्णांनी हे गाणं लिहिलं तेव्हा ते चांगलं धावत होतं. बायको रोज शाळेत शिकवायला निघताना उंबऱ्यातून ‘येते’ म्हणायची, त्या एका शब्दावरून मुखडा सुचला होता. पहिल्या कार्यक्रमात लोकांनी टाळ्यांची साथ दिली आणि ती पहिल्या रांगेत लाजून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली.

चार वर्षांपूर्वी ती अशीच ‘येते’ म्हणून निघाली आणि शाळेच्या जिन्यातच तिचं हृदय बंद पडलं. तेव्हापासून अण्णा त्या शब्दानंतर थांबू लागले. आधी एखादी मात्रा, मग एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत अख्खं आवर्तन. काय सुंदर जागा घेतात, असं श्रोते म्हणायचे. गेल्या वर्षी एक गृहस्थ त्या जागेत दाढी करून आले.

आज अण्णा ‘येते’ म्हणाले आणि सभागृहाच्या दाराकडे बघत बसले. चहा झाला. कप गोळा झाले. गजाभाऊ एकटेच ठेका धरून होते, त्यांची बोटं सुजली. शेवटी ते अण्णांच्या कानाशी वाकले.

“अण्णा, आली.”

अण्णा ताडकन उभे राहिले. त्यांनी झब्बा सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

“सम,” गजाभाऊ खाली बघत म्हणाले. “सम आली, अण्णा.”

अण्णा हळूहळू खाली बसले.

“जाऊ दे ती,” ते म्हणाले. “पुढची बघू.”