झांज

“हाही भजनातली झांज खातो, ऐकूच येत नाही,” कंपनीचं नाव दिसू नये म्हणून चादरीने झाकलेल्या अँप्लिफायरकडे बोट दाखवत निजसुरे म्हणाले. आमच्या कंपूत कुणाचा अँप्लिफायर सरस, हे त्यांचा कान ठरवायचा. भजन तेच, दर रविवारी घर नवं. माझ्याकडे आवाज दाबणारे जाड पडदे, परांजप्यांकडे तो घुमवणाऱ्या नुसत्या फरश्या. दोन्हीकडे त्यांना झांज सापडली नाही. आम्हाला ती लख्ख ऐकू येत होती, पण बोलणार कोण?

या फेरीतलं शेवटचं घर निजसुऱ्यांचंच. अँप्लिफायरही त्यांचाच, लाडका. भजन संपलं. कुणीच त्यांच्याकडे बघेना.

“झांज वाजली?” त्यांनी बायकोला विचारलं.

“वाजली की. नेहमीसारखी.”

त्यांनी चादर काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“पुढच्या रविवारी मी नुसता ऐकायला येतो,” ते म्हणाले. “निकाल तुम्ही सांगा.”