बटणावरचा अंगठा

भूकंपानं नेपाळमधले फोन बंद पडले होते. निरोप जात होते ते दिनानाथकाकांसारख्या हौशी मंडळींच्या हॅम रेडिओवरून. पनवेलच्या त्यांच्या घरात सोसायटीचा वॉचमन टेकराज सकाळपासून रेडिओशेजारी बसून होता. आधी जखमींचे निरोप, घरच्यांची चौकशी नंतर, हा दंडक काकांनी त्याच्यासाठीही मोडला नाही. दुपारी टेकराजच्या डोंगरातल्या गावी पोचलेल्या पथकाचा आवाज आला, “पनवेल, बोला.” काकांनी माइक त्याच्या हातात दिला. “बटण दाबून बोल. सोडलंस की पलीकडचं ऐकू येईल.” टेकराजनं आईचं नाव सांगितलं, घराची खूण सांगितली, “आमा कशी आहे?” विचारलं. पलीकडून काहीच येईना. अंगठा बटणावर तसाच होता. एरवी खेकसणारे काका हळू म्हणाले, “सोड आता. त्याशिवाय उत्तर कसं येणार?” टेकराजनं माइक छातीशी धरला. “मालूम है, साब. सोडलं की कळेल ना.”